कानांना सोसेल असं

रेंजमास्तरांचा फोन आला तेव्हा मी एका पँटची चेन उसवत होते. मी कपडे दुरुस्तीचं काम करते, घराच्याच पुढच्या खोलीत. लोकांची पोटं सुटतात, पोटं आत जातात, त्यावर माझं चालतं. फोन खांद्यात धरला आणि उसवत राहिले. वाटलं, नवऱ्याला द्या म्हणतील.

"वहिनी, साहेबांना देऊ नका. तुमच्याशीच बोलायचंय."

साहेब म्हणजे आमचे हे. दर रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जातात. बावीसची रायफल, समोर कागदाचं टार्गेट, बस्स. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, नुसती हौस. आयुष्य छापखान्यात मशीनपुढे काढलं, अर्धे कान तिथेच ठेवून आले. निवृत्त झाल्यावर माणूस कुंड्यांना पाणी घालतो, पेपर वाचतो. ह्यांनी बंदूक धरली. तीही स्वतःच्या मनाने नाही, पोरीने धरायला लावली म्हणून.

पोरगी म्हणजे आमची टाचणी. अंगाने काटकुळी आणि बोलण्यात टोचरी, म्हणून मीच ते नाव पाडलं होतं. कॉलेजात असताना तिला हा नाद लागला. पुढे बापाला घेऊन जायला लागली. रविवारी सकाळी दोघं गाडीत बसून जायची आणि दुपारी बारुदाचा वास घेऊन जेवायला यायची. मी म्हणायचे, हात धुवा आधी, मग काय ती शेखी मिरवा.

मागच्या वर्षी टाचणी गेली. ऑफिसला निघाली होती, एक बूट घातला होता, दुसरा हातात होता. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्तस्राव. तिला काही कळलंही नसेल म्हणाले. मला वाटतं ते सगळ्यांना तसंच सांगत असतील.

तर मास्तर फोनवर सांगत होते. मागच्या रविवारी त्यांनी 'थांबा' म्हणून हुकूम दिला. रेंजवर हा एकच शब्द चालतो. तो कानावर आला की बंदूक खाली ठेवायची आणि एक पाऊल मागे यायचं, मग समोर देव उभा असला तरी. सगळे मागे आले. एक सभासद टार्गेट बदलायला पुढे निघाला. आणि आमचे हे गोळ्या झाडतच राहिले.

"कुणाला लागलं?" मी विचारलं.

"नाही. मी धावत जाऊन त्यांची नळी खाली दाबली. पण वहिनी, बघतो तर उजवा मफ कानाच्या मागे सरकवलेला. म्हटलं, हे काय. तर म्हणतात, टोचतो."

मफ म्हणजे कानावर घालायची ती झाकणं, डोक्यावरून पट्टी असते ती. मी त्याला टोपरं म्हणते. ह्यांचं टोपरं पिवळं आहे, पुरातन आहे. गाद्या इतक्या कडक झाल्यात की वाजवल्या तर टकटक आवाज येईल.

"दोन गोष्टी आहेत," मास्तर म्हणाले. "एक, कान उघडा ठेवून गोळी झाडली तर जे काही ऐकू येतं तेही जाईल. दुसरी, ह्यांना माझा हुकूम ऐकू येत नाही. पुढच्या रविवारी नीट बसणारे, चांगले मफ नसले तर मी त्यांना लाइनवर उभं करणार नाही. मला वाईट वाटेल, पण नाही करणार. मी दुकानाचं नाव देतो. दुकानदाराला सांगा मी पाठवलंय, त्याला कळेल काय द्यायचं ते. आणि तुम्ही सोबत जा. एकटे गेले तर हात हलवत परत येतील."

हे खरं होतं. कानाच्या डॉक्टरने आधीच बजावलं होतं की डावा कान संपल्यात जमा आहे, उजवा सांभाळा. ह्यांनी मान डोलावली होती आणि बाहेर येऊन विचारलं होतं, काय म्हणाला तो?

मी फोन ठेवला. भीती वाटायला हवी होती, नवऱ्याच्या हातून माणूस मेला असता. वाटली नाही. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला राहत नाही, तशी मी गेलं वर्षभर आहे. चावलं तरी कळत नाही, नंतर आरशात दिसतं. चेन उसवून झाली होती. नवी लावायला घेतली.

पण एक मला कळत होतं. रविवार गेला तर हा माणूस घराबाहेर पडणार नाही. आठवड्यातून तेवढं एकदाच ते दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट मागतात. बाकीचे दिवस खुर्चीत बसून भिंतीकडे बघतात आणि मी ओट्याकडे बघते. रविवारही काढून घेतला तर मग खुर्चीच उरणार. ते मला नको होतं. एवढं एकच काय ते मला नको होतं, बाकी सगळं चालण्यासारखं होतं.

आमचं बोलणं फारसं होत नाही. टाचणीबद्दल तर नाहीच. मी एकदा तिचं नाव काढलं, तर हे उठून गॅलरीत गेले आणि वाळलेले कपडे काढत बसले. जन्मात कधी दोरीवरचा रुमाल न काढलेला माणूस. तेव्हापासून मी नाव काढत नाही. म्हणजे त्यांच्यासमोर काढत नाही.

मागे मात्र बोलते. स्वयंपाकघरात, ओट्याकडे तोंड करून, टाचणीशी. भांडी घासताना, कणीक मळताना. मोठ्याने नाही, पुटपुटत. आज कोण आलं, कुणाची पँट किती सैल केली, बाप कसा वागला. सगळा अहवाल. हे बाहेरच्या खोलीत असतात, त्यांना ढोल वाजवला तरी कळत नाही, तर माझं पुटपुटणं काय कळणार. बहिऱ्या नवऱ्याचा तेवढा एक फायदा मी करून घेतला होता.

दुकानात जायचं म्हटल्यावर हे हट्टाला पेटले.

"माझा मफ चांगला आहे."

"चांगला आहे म्हणून कानामागे घालता?"

"काय?"

"चला म्हटलं," मी ओरडले.

दुकान लांबलचक होतं, बोळासारखं. पुढे हेल्मेट, हातमोजे, वेल्डिंगचे चष्मे. मागच्या बाजूला नेमबाजीचं सामान. दुकानदार आमच्याच वयाचा, गोल, डोक्यावर एक केस नाही. मास्तरांचं नाव सांगितल्यावर त्याने ह्यांना आपादमस्तक बघितलं, म्हणजे शिंपी बघतो तसं. मला बरं वाटलं. माप घेणारा माणूस मला कळतो.

"चष्मा कायम असतो?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, झोपताना काढतात.

"तिथेच घोडं अडतं वहिनी. चष्म्याची काडी गादीखाली जाते, फट पडते. गादी कडक असली की फटीतून आवाज आत. गादी मऊ हवी, काडीभोवती बसणारी. साहेब, हा जुना आणलाय का? बघू." पिवळा मफ हातात घेऊन त्याने गादी दाबली. दबली नाही. "हे काय कानावर घालता, हे दाराला अडसर म्हणून लावा."

हे हसले नाहीत. पिवळा मफ परत मागितला आणि मांडीवर घेऊन बसले.

त्या दुकानदाराची एक पद्धत होती. कोपऱ्यात लाकडी खुर्ची, शेजारी स्टूल, स्टुलावर चहा आणि बिस्कीट. गिऱ्हाइकाच्या कानावर मफ चढवायचा आणि चहा संपेपर्यंत काढू द्यायचा नाही. म्हणाला, "घातल्या घातल्या सगळेच छान वाटतात. टोचायला लागतात ते चहा अर्धा झाल्यावर. बिस्कीट एवढ्यासाठी, की चावताना जबडा हलतो. जबडा हलला की गादी सुटते का ते कळतं." भिंतीला एक लाकडी बंदूक टेकवलेली होती, नुसता दस्ता आणि दांडा. ती गालाला लावून बघायची. मफ जाडा असेल तर दस्त्यावर आपटतो, मग माणूस मान वाकडी करतो किंवा मफ सरकवतो.

"म्हणजे ह्यांच्यासारखं," मी म्हटलं.

"सगळेच करतात. कुणी सांगत नाही."

मग सुरू झालं. पहिला मफ डोक्याला करकचून बसला. हे म्हणाले, अडकित्त्यात सापडल्यासारखं वाटतं. दुसरा सैल, मान खाली घातली की नाकावर यायचा. तिसऱ्यात कान घामाने भिजले. चौथा चांगला होता, दुकानदारालाही पसंत होता, पण लाकडी बंदूक गालाला लावली आणि टक्कन आवाज झाला. फोमचे बोळे आणले. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोट ठेवायचं. ह्यांनी वळले, घातले, बाहेर पडले. पुन्हा घातले. एक बोळा चहात पडला.

"बसतच नाहीत," हे म्हणाले.

"बसवायचे असतील तर बसतात," मी म्हटलं. आता माझं डोकं फिरायला लागलं होतं. नवरदेव पसंत करायला आल्यासारखं याला नाक मुरड, त्याला नाक मुरड. "तुम्हाला घ्यायचंच नाहीये. सरळ सांगा ना."

"काय?"

मी हात झटकला. कंटाळून समोरचाच एक मफ उचलला आणि स्वतःच्या कानावर चढवला.

आणि सगळं बंद झालं. रस्त्यावरचे हॉर्न, दुकानातला पंखा, ह्यांचं 'काय'. दुकानदाराचे ओठ हलत होते, हात हलत होते, तो ह्यांच्या कानावर कसलातरी काळा मफ चढवत होता, बाजूची कसलीतरी चकती फिरवत होता, पुष्कळ काही समजावत होता. मला अक्षर ऐकू आलं नाही. मी हातमोज्यांच्या रांगेपुढे उभी राहिले. वर्षभर आत जसं आहे तसंच बाहेर झालं होतं. बरं वाटलं म्हणणार नाही, पण सारखं झालं.

जरा वेळाने काढला. दुकानदार आत गेला होता, मागच्या खोलीत काहीतरी शोधत होता. हे खुर्चीत बसून चहा पीत होते. कानावर तो काळा मफ. पाठ माझ्याकडे. मी मनात म्हटलं, आता हेही त्या शांततेत गेले. आणि माझं ओट्यापुढचं सुरू झालं, तिथेच, हातमोज्यांकडे बघत.

"बघ गं टाचणी," मी पुटपुटले, "बघ तुझा बाप. दुकानातली सगळी टोपरी चढवून झाली. ते पिवळं मात्र मांडीवर घेऊन बसलाय, जसं काही तान्हं मूल. का, तर तू दिलेलं म्हणून. मला काय कळत नाही होय? पण तुझं नाव म्हणून घेणार नाही. मी घेतलं तर उठून जातो. मग मी कुणाशी बोलू? तुझ्याशीच बोलते. आणि तुला सांगू का, मला हल्ली तुझा आवाज आठवत नाही. तोंड आठवतं, तो एक बूट आठवतो. आवाज येत नाही. तू हळू बोलायचीस माझ्याशी, तोंडातल्या तोंडात. मी म्हणायचे मोठ्याने बोल. आता डोळे मिटून बसते तरी येत नाही. हे मी कुणाला सांगायचं?"

एक हातमोजा उलटा लटकला होता. मी तो सरळ केला.

मागे वळले तर हे तसेच बसलेले. कप ओठापाशी होता. पीत नव्हते. मला वाटलं, संपला असेल.

दुकानदार बाहेर आला. "काय साहेब? हा टोचतोय?"

"हाच द्या," हे म्हणाले.

"अजून एक दाखवतो की. हा जरा जड आहे."

"नको. हाच."

सगळ्यांत जड तो निवडला होता. बंदूक गालाला लावूनही बघितली नाही, दुकानदारानेच आठवण करून दिली, तेव्हा लावली. आपटला नाही, कडेला चपटा होता. गादी मऊ होती, चष्म्याच्या काडीभोवती बसली होती. मला वाटलं, कंटाळले आणि हातात सापडला तो घेतला. नाहीतरी आमच्याकडे निर्णय असेच होतात. घरी येताना मी बडबडले, आधीच घेतला असता तर बिचाऱ्याचा तेवढा चहा तरी वाचला असता. हे गाडी चालवत होते. नवा मफ मागच्या सीटवर, पिवळा पुढे.

रविवारी मास्तरांनी मलाही बोलावलं. मी रेंज कधी बघितली नव्हती. त्या दोघांचं होतं ते, मी कशाला जाऊ. लांब शेड, पुढे मोकळी जागा, पलीकडे मातीचा उंच बांध. उभं राहायला चौकटी केलेल्या, प्रत्येकीला आकडा. मास्तर बारीक, मिशीवाले, गळ्यात शिट्टी. त्यांनी मला मागच्या बाकावर बसवलं आणि हातात फोमचे बोळे दिले. म्हणाले, "आत्ता नको, सुरू झालं की घाला. आधी एक गंमत बघा."

हे आपल्या चौकटीत पाठमोरे उभे होते, काळा मफ चढवून. मास्तर माझ्या शेजारीच बसले आणि तिथूनच, चहा मागावा तेवढ्याच आवाजात म्हणाले, "साहेब, बुटाची लेस सुटली."

ह्यांनी वाकून बुटाकडे पाहिलं.

मास्तर खूश झाले. "बघितलंत? हा साधा मफ नाही. याच्यात माइक आहेत. हळू आवाज मोठा करून आत पाठवतो आणि गोळी सुटली की तेवढ्यापुरता बंद होतो. आता ह्यांच्यामागे कुणी कुजबुजलं तरी ऐकू येईल. दुकानदाराने सांगितलं असेल की तुम्हाला."

सांगितलं असेल. मी तेव्हा कान झाकून हातमोजे बघत होते.

माझ्या छातीत धस्स झालं. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी झालं, आणि झालं ते हे. दुकानातली ती खुर्ची मला दिसली, ओठापाशी थांबलेला कप दिसला. सगळं ऐकलं होतं ह्या माणसाने. बाप काय करतो, मी काय करते, बूट, आवाज, सगळं. आणि हाच द्या म्हणाला होता.

मी बोळे वळले, कान ओढला आणि आत सारले. माझे पहिल्या फटक्यात बसले, शिवणकामाची बोटं आहेत. गोळ्यांचे आवाज लांबून दार आपटल्यासारखे यायला लागले. मी ह्यांच्या पाठीकडे बघत राहिले. शर्टाला मीच इस्त्री केली होती, कॉलरपाशी एक चुणी राहिली होती.

मग मास्तरांनी 'थांबा' म्हटलं. मला ते ऐकू आलं नाही, सगळे मागे आले त्यावरून कळलं. हेही आले. लगेच आले, बंदूक ठेवून, व्यवस्थित. पण मागे येऊन ते डावा खांदा थोडा शेजारच्या चौकटीकडे करून उभे राहिले. वाट बघत असल्यासारखे. शेजारी एक जाडसर गृहस्थ होता, तो आपला चष्मा पुसत होता. जरा वेळाने ह्यांनी खांदा सरळ केला.

मास्तरांनी मला अंगठा दाखवला. रविवार वाचला होता.

त्यानंतर मी स्वयंपाकघरात बोलायचं बंद केलं.

मुद्दाम नाही. ओट्यापुढे उभी राहिले की तोंडच उघडेना. मफ तर बाहेर खुंटीवर लटकत होता, त्यांच्या कानावर नव्हता, म्हणजे ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता. तरी उघडेना. कपडे चोरीला गेल्यासारखी अवस्था. टाचणीला सांगायचं साठत गेलं. एका बाईने लग्नातला कोट मोठा करायला आणला, नवऱ्यासाठी नाही, स्वतःला घालायचाय म्हणाली. ही गोष्ट टाचणीला आवडली असती. मी सांगितली नाही. भांडी घासली आणि पालथी घातली. घर चिडीचूप. आधीही होतं, पण आधी त्यात माझी कुरकुर तरी होती.

एका दुपारी मी घेवडा निवडत होते. हे दारात येऊन उभे राहिले. कानावर काळा मफ.

मी बघतच राहिले. "अहो, घरात कोण कुणाला गोळी घालतंय? काढा ते."

"काढलं तर ऐकू येणार नाही."

ते आत आले. खुर्ची ओढून बसले. स्वयंपाकघरात हे पाणी प्यायला येतात तेवढेच, बसत नाहीत. घेवड्याची एक शेंग उचलली आणि शिरा काढायला लागले. वाईट काढत होते, अर्धी शेंग शिरेबरोबर जात होती.

"बोलणं का बंद केलंस?" त्यांनी विचारलं.

"मी कुठे बोलत होते?"

"तिच्याशी. ओट्यापुढे तुझी मान हलायची, आता हलत नाही."

मी ओट्याकडे वळले. तिथे करण्यासारखं काही नव्हतं, फडका उचलून घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"दुकानात सगळं ऐकलंत तुम्ही."

"हो."

"मग तेव्हा काही बोलला का नाहीत?"

"चहा संपायचा होता," हे म्हणाले. मग आणखी एक शेंग उचलून, "काय बोलायचं ते कळलं नाही."

मला वाटलं आता उठतील, गॅलरीत जातील, कपडे काढतील. दोरीवर कपडे होतेही. उठले नाहीत. शेंगा मोडल्याचा आवाज येत होता.

"त्या दिवशी मास्तरचा हुकूम मला ऐकू आला नाही," हे म्हणाले. "मास्तरला वाटतं, कान हल्ली जास्त गेले म्हणून. तसं नाहीये. मला 'थांबा' कधीच ऐकू आलं नाही. पहिल्या रविवारपासून नाही. ती शेजारच्या चौकटीत असायची. हुकूम आला की हात लांब करून माझ्या खांद्यावर दोनदा थाप मारायची. मी थांबायचो. मास्तरला कधी कळलं नाही. ती म्हणायची, कळू द्यायचं नाही, नाहीतर तुम्हाला काढतील."

मी फडक्याची आणखी एक घडी घातली.

"ती गेल्यावर मी शेजारी बघायचो. सगळे मागे सरकले की मीही सरकायचो. त्या दिवशी नाही बघितलं. मला वाटलं, थाप पडेल." त्यांनी शेंग खाली ठेवली. "मी विसरलोच होतो ती नाहीये ते. थोडा वेळ. चांगलं वाटत होतं."

माझ्या हातातला फडका घडी घालून इवलासा झाला होता. म्हणजे म्हणून रेंजवर तो खांदा शेजारी वळवलेला. आणि मी म्हणत होते हट्टी माणूस. हट्टी आहेतच. पण मला बसावंसं वाटलं आणि बसायला खुर्ची नव्हती, एकच होती, त्यावर हे होते.

"तू म्हणालीस तिचा आवाज आठवत नाही."

"हं."

"मला आठवतो."

मला राग आला. खरंच आला, एकदम, पायापासून. ज्याला शेजारच्या खोलीतला कुकर ऐकू येत नाही त्याला आवाज आठवतो, आणि मी, जिच्या कानाशी येऊन ती गुलुगुलु बोलायची, ती मी कोरडी. "तुम्हाला कसा आठवेल?" मी म्हटलं. "तुम्हाला ऐकू तरी येत होता का?"

"तुझ्याशी हळू बोलायची," हे म्हणाले. "माझ्याशी ओरडून बोलायची. ओरडल्याशिवाय मला कळायचंच नाही. म्हणून राहिला असेल."

मग त्यांनी घसा साफ केला. मी पाठमोरीच होते. आणि हे ओरडले. आमचा हा मुखदुर्बळ माणूस, भर दुपारी, स्वयंपाकघरात, त्या बावळट टोपऱ्यासकट.

"बाबाऽ, उठा की. मास्तर बाहेर काढतील. आईऽ, ह्यांना उठव गं, माझं ऐकत नाहीयेत."

आवाज त्यांचाच होता, फाटका. पण चाल तिची होती. बाबामधला दुसरा 'बा' वर चढवायची आणि सोडून द्यायची. 'ऐकत नाहीयेत' म्हणताना शेवटी हसू दाबायची, ते दाबलेलं हसूसुद्धा होतं. रविवारची सकाळ, दारात उभी, एका हातात गाडीची किल्ली. मला ते वर्षभर सापडत नव्हतं आणि ते ह्या माणसाकडे होतं, बाहेरच्या खोलीत, खुर्चीत.

माझा गाल ओला होता. मी हात लावला तेव्हा कळलं. गाल माझाच होता.

"परत म्हणा," मी म्हटलं. पाठ करूनच म्हटलं, तोंडातल्या तोंडात, जसं मी रोज म्हणायचे तसं.

त्यांना ऐकू आलं.